तुळशीराम नाखव्याचा पगार

वरसोलीच्या कोळीवाड्यात होडीत बसलं की ज्याला मळमळतं असा एकच माणूस होता, तो म्हणजे तुळशीराम नाखवा. बाप बाबाजी, आजा, पणजा, सगळे मचव्यावर वाढलेले. तुळशीरामला मात्र किनारा मागे पडला की पोटात ढवळायला लागायचं. बाबाजीनं त्याला पाच वेळा नेऊन पाहिलं. पाचव्या वेळी पोरगं जाळ्यांच्या ढिगावर आडवं पडून हिरवंनिळं झालं, तेव्हा बाबाजीनं मचवा परत फिरवला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "ह्याला दर्या सोसत न्हाय. ह्याचा काय करायचा ता तू बघ."

नीराबाई सुकी मासळी विकायला रोज अलिबागच्या बाजारात जायची. तिनं कचेरीच्या आवारात कागद घेऊन फिरणारी माणसं पाहिली होती. पावसाळ्यातसुद्धा त्यांचा धंदा बंद होत नव्हता. तिनं तुळशीरामला शाळेत टिकवलं. तो मराठी सातवी पास झाला आणि १९२२ साली, सतरा वर्षांचा असताना, तात्या टिपणीस वकिलांच्या ओटीवर कामाला लागला. पगार आठ रुपये. काम म्हणजे कागदांत दोरा ओवणं, स्टँप आणणं, कोर्टात तात्यांच्या मागे दप्तर घेऊन जाणं आणि पक्षकारांना पाणी देणं. अर्थात पाणी सगळेच पक्षकार त्याच्या हातचं घेत असत असं नाही. कुणी नको म्हटलं तर तुळशीराम तांब्या खाली ठेवी आणि दप्तराला हात घाली. दप्तराला त्याचा हात लागलेला कुणाला चालत नाही असं कधी झालं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यानं मनाशी नीट टिपून ठेवली होती.

ओटीवर मुख्य कारकून होते दादा लिमये. साठीला आलेले, अंगानं काटकुळे, नाकावर चष्मा. त्यांचा पगार तीस रुपये. सबंध अलिबागेत वकिलाकडच्या कारकुनाला एवढा पगार दुसरीकडे कुठं नव्हता. आठ रुपयांचा माणूस तीस रुपयांच्या माणसाकडे जसा पाहील तसाच तुळशीराम दादांकडे पाही. फरक इतकाच, की त्याला हेवा वाटत नसे, कुतूहल वाटे. ह्यांना असं काय येतं, ज्याचे बावीस रुपये जास्त मिळतात?

महिनाभरात उत्तर सापडलं. दादांना मोडी येत होतं.

म्हणजे मोडी तेव्हा बऱ्याच जणांना येत होतं, पण ते आपल्या काळातलं, शाळेत गिरवलेलं. दादांना शंभर वर्षांपूर्वीचं, घाईघाईनं ओढलेलं, कसरीनं खाल्लेलं मोडी लागत असे. कुळकर्ण्यांच्या घरातलं, खोताच्या पेटीतलं, देवस्थानाच्या सनदेतलं. वाड्या-बागांच्या दाव्यांत असा एखादा कागद निघायचाच, आणि तो वाचायला दुसऱ्या वकिलांचे कारकूनसुद्धा दादांकडे यायचे.

तुळशीराम एक दिवस सरळ दादांपुढे जाऊन बसला.

"दादा, मला जुनं मोडी शिकवा."

दादांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाला?"

"पगार वाढायला."

दादांना हसू आलं. ज्ञानासाठी, सेवेसाठी असं काहीतरी ऐकायची त्यांची तयारी होती. "खरं बोललास, म्हणून शिकवतो," ते म्हणाले. "पण सगळं शिकावं लागेल. अक्षर लागणं हा पहिला भाग झाला. जुन्या कागदांतला सुहूर सन, शक, साठ संवत्सरांची नावं, जमिनीची मापं, सगळं."

दोन वर्षं तो शिकला. सकाळी वरसोलीहून चालत येताना संवत्सरांची नावं घोकी. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बाया त्याला हसायच्या. एकदा नीराबाई म्हणाली, "आरं, मंत्र म्हनतोस का काय?" तो म्हणाला, "व्हय आये, पगाराचा हाय."

ह्या दोन वर्षांत त्याच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दादा कागद हातात घेत, लांब धरत, उजेडाकडे नेत, आणि मग म्हणत, "तूच वाच रे, तुझं कुठवर आलंय ते पाहू दे." सुरुवातीला तुळशीरामला ती परीक्षा वाटली. पुढं पुढं परीक्षा रोजच होऊ लागली. दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तुळशीरामनं हे कुणाला सांगितलं नाही, दादांनाही नाही. तो मोठ्यानं वाचत असे, दादा अर्थ सांगत असत, आणि ओटीवरचं काम चाललेलं होतं.

१९२४ च्या डिसेंबरात नागावहून चंद्राबाई नावाची एक बाई आली. पन्नाशीची, विधवा, काखेत पत्र्याची एक लांब नळी. नळीत तिच्या आजेसासऱ्यानं केलेलं गहाणखत होतं. नारळी-पोफळीची वाडी रेवदंड्याच्या एका सावकाराकडे गहाण टाकली होती, आणि तेव्हापासून वाडीचं उत्पन्न सावकाराचं घराणंच खात होतं. चंद्राबाईला वाडी सोडवून घ्यायची होती. गहाण सोडवण्याच्या दाव्याला कायद्यानं साठ वर्षांची मुदत होती. खताबरोबर त्याची बाळबोध लिपीतली नक्कल होती, पूर्वी कधीतरी कुणा लेखनिकाकडून करून घेतलेली. त्या नकलेत साल लिहिलं होतं शके १७८१.

तात्यांनी बोटांवर हिशेब केला. "बाई, साठ वर्षं संपून पाच वर्षं होत आली. दावा मुदतीत नाही."

"आणखी दोन वकील हेच म्हणाले," चंद्राबाई म्हणाली. "पण माझे सासरे मरताना म्हणाले होते, अजून वेळ आहे. ते काही खोटं बोलणारे नव्हते."

तात्यांनी मूळ खत दादांकडे दिलं. दादांनी ते लांब धरलं, उजेडाकडे नेलं, नक्कल पाहिली आणि म्हणाले, "एक्याऐंशीच आहे." तात्यांना अकराला कोर्टात उभं राहायचं होतं. ते पागोटं घालून निघाले आणि जाताना तुळशीरामला म्हणाले, "बाईंचा कागद नीट गुंडाळून दे."

तुळशीराम कागद गुंडाळायला बसला. पहिली घडी जिथं पडली होती तिथं कसरीनं छिद्रं पाडली होती. सालाचा शेवटचा आकडा नेमका घडीवर आलेला, अर्धा उडालेला. उरलेली रेघ एकाचीही असू शकली असती, सहाचीही. त्याच्यापुढं एक शब्द होता, तोही अर्धा गेलेला. नक्कल करणाऱ्यानं तो शब्द, त्यापुढच्या 'नाम संवत्सरे'सकट, सोडून दिला होता आणि सरळ पुढं 'माघ शुद्ध पंचमी' लिहिलं होतं. तुळशीरामनं कागद डोळ्यांजवळ नेला. सुरुवातीची अक्षरं नव्हती. राहिलं होतं ते 'ताक्षी'.

त्यानं मनात प्रभवपासून सुरुवात केली आणि साठच्या साठ नावं म्हणून पाहिली. 'ताक्षी'नं संपणारं नाव त्यांत एकच होतं, रक्ताक्षी. आणि ते शोधायला फार लांब जायला नको होतं. ओटीच्या भिंतीवर चालू सालाचं पंचांग टांगलेलं होतं, त्याच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत हेच नाव होतं. चालू साल रक्ताक्षी. साठ वर्षांनी तेच नाव फिरून येतं, म्हणजे खत बरोबर साठ वर्षांपूर्वीचं. शके १७८६. येत्या माघ शुद्ध पंचमीच्या सुमाराला मुदत संपणार होती. फेब्रुवारी लागायच्या आत दावा दाखल झाला तर बाईची वाडी जिवंत होती.

चंद्राबाई पायरीवर चपला घालत होती. तुळशीराम म्हणाला, "बाई, जरा बसा. ऊन चढलंय."

मग तो कागद घेऊन दादांकडे वळला आणि तिथं थांबला. दादा चुकले होते. हे तात्यांना कळलं तर दादांचे डोळे उघडे पडणार, आणि डोळ्यांपाठोपाठ नोकरी जाणार. न सांगावं तर बाईची वाडी जाणार. तुळशीरामनं क्षणभर विचार केला आणि दादांशेजारी मांडी घालून बसला.

"दादा, इथं एक शब्द मला पुरा लागत नाही."

"वाच."

"सुरुवातीची अक्षरं खाल्लेली आहेत. मागं 'ताक्षी' आहे, मग 'नाम संवत्सरे'."

दादांनी कागद मागितला नाही. ओठ हलत होते. तेही प्रभवपासून मोजत होते. मग त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे तोंड केलं, जरी तिथवर त्यांना दिसत नव्हतं.

"एक नव्हे," ते म्हणाले. "सहा आहे."

"मलाही तसंच वाटलं."

"तुला वाटलं नाही, तुला कळलं. माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं तुला." दादांचा आवाज शांत होता. "बरं केलंस. आता तात्यांना मी सांगतो."

तात्या दुपारी परतले तेव्हा दादा उभे राहिले. "सकाळी मी चूक सांगितली. मला आकडा दिसला नाही, आणि दिसत नाही हेही मी सांगितलं नाही. वर्षभर मला नीट दिसत नाही. ह्या मुलानं वाचलंय, बरोबर वाचलंय." मग त्यांनी संवत्सराचा हिशेब समजावून दिला. तात्यांनी कागद घेतला, भिंग मागवलं, पंचांग खाली काढलं आणि चंद्राबाईला म्हणाले, "वकीलपत्रावर अंगठा करा बाई."

"मला सही येते," चंद्राबाई म्हणाली.

दावा जानेवारीत दाखल झाला. समोरच्या वकिलानं १७८१ चा हट्ट धरला, पण साठ नावांत 'ताक्षी'नं संपणारं दुसरं नाव त्यालाही दाखवता आलं नाही. निकाल १९२६ च्या उन्हाळ्याआधी लागला. चंद्राबाईनं सावकाराच्या घराण्याला गहाणाची रक्कम भरली आणि वाडीत पाय ठेवला. तुळशीरामचा पगार बारा रुपये झाला.

त्याच वर्षी दादा निवृत्त झाले. डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घ्यायला मुलाकडे मुंबईला गेले. जाताना आपली बोरूंची पेटी आणि साठ संवत्सरांचा हातानं लिहिलेला तक्ता त्यांनी तुळशीरामला दिला. तात्यांनी दादांची गादी, दादांचं डेस्क आणि दादांचं सगळं काम तुळशीरामला दिलं. पगार केला पंधरा.

तुळशीराम दोन महिने काही बोलला नाही. त्यानं आधी काम नीट करून दाखवलं. एकही तारीख चुकली नाही, एकही नक्कल अडली नाही. शिवाय एक गोष्ट अशी होत होती, जी दादांच्या वेळी होत नव्हती. आगरी, कोळी, मिठागरावरची माणसं तात्यांसमोर बसली की तोंड मिटून घ्यायची. तुळशीराम त्यांना पडवीत नेई, त्यांच्या बोलीत विचारी, आणि अर्ध्या तासात सबंध हकीकत कागदावर उतरवून आणी. साक्षीदार कुठं घाबरेल, कुठं अडखळेल, तेही समासात लिहून ठेवी.

गणपती झाल्यावर एका सकाळी तात्या चहा घेत होते, तेव्हा तो समोर उभा राहिला.

"तात्या, पगाराबद्दल बोलायचं आहे."

"चैत्रात वाढवला, दादा गेल्यावर परत वाढवला ना?"

"चैत्रात माझं काम होतं. आता दादांचंही आहे. दादांना तीस होते."

तात्यांनी कप खाली ठेवला. "दादांचे तीस हे तीस वर्षांच्या चाकरीचे होते, तुळशीराम."

"मग चाकरीचे किती आणि कामाचे किती, तेवढं वेगळं करून सांगा. चाकरीचे मी मागत नाही. माझी चारच वर्षं झालीत. कामाचे मागतो."

तात्या वकील होते. मुद्दा बरोबर असला की त्यांना राग येत नसे, उलट मजा वाटे. त्यांनी थोडा विचार केला. "कामाचे बावीस."

"ठीक आहे. बावीस द्या. आणि बाविसाच्या वर जायला काय यावं लागेल तेही सांगा."

"आजच?"

"आज सांगितलंत तर मी आजपासून लागेन."

तात्या हसले आणि मग खरोखरच सांगायला लागले. अलिबागचं काम मराठीत चालायचं, पण अपिलं, मुंबईच्या सॉलिसिटरांची पत्रं, मोठ्या साहेबांकडचे अर्ज इंग्रजीत. ते टाइप करायला तात्या मुंबईला पाठवत. जायला-यायला आठवडा जाई आणि पानापानाला पैसे पडत. "इथं बसून मला इंग्रजी टाइप करून देणारा मिळाला," ते म्हणाले, "तर मी चाळीस देईन."

"हे मी लक्षात ठेवतो," तुळशीराम म्हणाला.

तात्यांना वाटलं, विषय संपला.

तुळशीरामला इंग्रजी येत नव्हतं. सातवीपर्यंत सगळं मराठीतच. त्यानं शाळेतल्या मास्तरांकडून इंग्रजीची पहिली, दुसरी आणि तिसरी पुस्तकं एका हिवाळ्यात संपवली. ओटीवरच्या जुन्या इंग्रजी अपिलांच्या नकला घरी नेऊन तो शब्द न शब्द उतरवी. लग्न नुकतंच झालं होतं. बायको सगुणा रेवदंड्याची. ती चिमणीची काच पुसता पुसता म्हणायची, "ह्या शब्दाचा अर्थ काय?" आणि तो सांगू शकला नाही तर म्हणायची, "मग लिवताव कशाला?" त्यामुळं त्याला अर्थही शोधावा लागे.

टाइपरायटिंग मात्र अलिबागेत शिकता येत नव्हतं. ते मुंबईत, गिरगावात. आणि मुंबईला जायचं म्हणजे रेवसहून बोटीनं.

मे महिन्यात दिवाणी कोर्टाला सुट्टी असते. १९२७ च्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी तुळशीराम रेवसच्या धक्क्यावर उभा राहिला. बाबाजी त्याला पोचवायला आला होता. बाप म्हणाला, "मधी बस. डोलकाठी असती तर म्हनलो असतो तिच्यापाशी बस. पुढं बघ, पान्यात बघू नको." तुळशीराम मध्ये बसला, पुढं पाहिलं आणि तरीही भाऊच्या धक्क्यापर्यंत तीन वेळा कठड्याला लोंबकळला. शेजारचा एक गुजराती व्यापारी त्याला लिंबू देत म्हणाला, "भाई, गाव कुठलं?" तुळशीरामनं सांगितलं, "वरसोली, कोळीवाडा." व्यापाऱ्याला ते खरं वाटलं नाही.

माझगावला मामाकडे राहून तो रोज गिरगावापर्यंत चालत गेला. क्लासात बहुतेक पोरं इंग्रजी शाळेतली. त्यांची बोटं भराभर चालत, कारण पुढचा शब्द त्यांना आधीच ठाऊक असे. तुळशीरामला अक्षर अक्षर पाहावं लागे. पण त्याची एक जुनी सवय इथं कामाला आली. मोडी वाचताना त्यानं डोळ्यांना घाई करायची नाही असं शिकवलं होतं. महिन्याच्या शेवटी तो सगळ्यांत हळू होता आणि सगळ्यांत कमी चुका त्याच्या होत्या. पाऊस लागायच्या आत बोटीनं परत आला, पुन्हा तसाच हिरवानिळा. पुढच्या मे महिन्यात परत गेला. ह्या वेळी वेगही आला आणि सर्टिफिकेटही मिळालं.

ते त्यानं तात्यांसमोर ठेवलं. तात्यांनी दोनदा वाचलं. "तू गेला होतास? मला वाटलं, मामाकडे आंबे खायला जातोस."

"आपण चाळीस म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," तात्या म्हणाले आणि जरा अडखळले. "पण मशीन कुठं आहे? नवं मशीन घ्यायचं म्हणजे माझा दोन महिन्यांचा धंदा जाईल."

तुळशीरामनं हा प्रश्न येणार हे धरूनच चौकशी केली होती. पेणला एक भाताची गिरणी बंद झाली होती, तिथलं एक जुनं टाइपरायटर विकायला होतं. एक अक्षर अडकत होतं, फीत फाटली होती, बाकी ठीक. क्लासातल्या मिस्त्रीला विचारून त्यानं दुरुस्तीचा खर्चही काढून आणला होता. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "उद्या पेणला जा."

मशीन बैलगाडीतून गवतात गुंडाळून आलं. सगळी आळी पाहायला जमली. बाजार आटोपून नीराबाईही आली. ती पायरीखालीच उभी राहणार होती, पण तात्या म्हणाले, "वर या नीराबाई, तुमच्या मुलाचं यंत्र आहे." ती वर आली, टोपली बाहेर ठेवून. तुळशीरामनं कागद लावला आणि टाइप करून दाखवलं. तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा धरला.

"काय लिवलंस?"

"तुझं नाव. नीराबाई बाबाजी नाखवा. इंग्रजीत."

कागद घडी करून तिनं चोळीत ठेवला आणि मासळीची टोपली उचलून गेली.

पहिलं अपील टाइप झालं तेव्हा तुळशीरामनं एका ठिकाणी 'प्रतिवादी' ह्या शब्दाऐवजी 'आश्रित' असा अर्थ होणारा इंग्रजी शब्द टाइप केला, डिफेंडंटचं डिपेंडंट, एका अक्षराचा फरक. तात्या चांगलेच भडकले. तुळशीरामनं माफी मागितली नाही, कामाला लागला. दुरुस्त कागद तासाभरात पुढं ठेवला आणि असे सगळे फसवे शब्द शोधून डेस्काच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले. तसली चूक पुन्हा झाली नाही. १९२९ च्या जानेवारीपासून त्याला चाळीस मिळू लागले.

इथवर जे झालं ते शिकण्यानं झालं. पुढचं जे झालं त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. तिथं तोंड बंद ठेवायचं होतं.

१९३१ मध्ये थळचे आणि वरसोलीचे कोळी एकमेकांवर उठले. समुद्रात जाळी बांधायला खुंट ठोकतात, ते कुणी कुठं ठोकायचे यावरून भांडण. दोन्हीकडची डोकी फुटली आणि प्रकरण कोर्टात गेलं. थळकर आधी आले आणि त्यांनी तात्यांना वकीलपत्र दिलं. म्हणजे तुळशीरामच्या ओटीवर जो कागद तयार होणार होता तो त्याच्याच गावाविरुद्ध.

त्यानं तात्यांना त्याच दिवशी सांगितलं, "हे माझं गाव आहे. ह्या कामाचे कागद मी हाताळणार नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. आणि ते माझ्या डेस्कावर ठेवू नका." तात्यांनी ते कागद आपल्या पेटीत कुलपात ठेवले.

पण गावाला हे कुठं ठाऊक? चार दिवसांनी चुलता अंबाजी घरी आला, बरोबर जमातीची दोन वडीलधारी माणसं.

"तुळशीराम, थळवाल्यांनी काय लिवलंय तेवढा सांग. आमी काय जास्त मागत न्हाय."

"मी वाचलं न्हाय, काका."

"मंग वाच."

"न्हाय वाचणार."

अंबाजीचा चेहरा लाल झाला. "तू कोनाचा? आमचा का त्या वकिलाचा?"

"तुमचाच. पण उद्या तुमचा कागद त्या ओटीवर आला आनि मी तो थळवाल्यांना सांगितला, तर तुमाला चालंल का?"

तिघंही रागानं उठून गेले. पुढचे सहा महिने कोळीवाड्यात त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. होळीला त्याला बोलावणं आलं नाही. सगुणा पाणी भरायला जाई तेव्हा बाया घागरी उचलून चालू लागत. तुळशीरामला हे लागत होतं. रोज संध्याकाळी किनाऱ्यावरून घरी येताना ज्या माणसांना तो नावानं हाक मारी, ती आता होडीकडे तोंड करून बसत. तरीही आपण चुकलो असं त्याला एकदाही वाटलं नाही. नीराबाईनंच एकदा बाजारात अंबाजीला सुनावलं, सगळ्यांसमक्ष: "तुजी गोष्ट ज्याच्या पोटात ऱ्हाईल असा एक मानूस गावात हाय, त्याला बी बिघडवतोस?"

शेवटी दोन्ही गावांनी कोर्टाबाहेर समेट केला. खुंटांच्या जागा वाटून घेतल्या. त्यानंतर वर्ष गेलं असेल. एका सकाळी अंबाजी तात्यांच्या ओटीवर आला. त्याच्या पोरांत घराच्या वाटणीचा वाद होता, घरातलाच, चारचौघांत बोलता येणार नाही असा. तात्यांनी विचारलं, "तुमच्या गावच्या लोकांनी तर दुसरा वकील धरला होता ना?"

"धरला व्हता," अंबाजी म्हणाला. "पन आमची गोष्ट हिकडं ठेवलेली बरी." त्यानं तुळशीरामकडे पाहिलं नाही, पण कागद त्याच्याच डेस्कावर ठेवले.

त्या वर्षी वरसोली, थळ आणि नवगावची मिळून एकवीस कामं तात्यांकडे आली. चैत्रात तुळशीराम बोलणार होता, पण तात्यांनीच आधी सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून पंचावन्न." तुळशीराम म्हणाला, "मी साठ म्हणणार होतो." तात्या म्हणाले, "मग साठ." आणि दोघंही आपापल्या कागदांकडे वळले.

कोर्टाच्या आवारात ही बातमी एका दिवसात पसरली. साठ रुपये म्हणजे शाळेच्या हेडमास्तरांहून जास्त. दुसऱ्या वकिलांचे कारकून, कुणी दहावर, कुणी पंधरावर राबणारे, दुपारच्या सुट्टीत त्याच्याभोवती जमू लागले. मालकापुढं काय बोलायचं, हे त्यांना हवं होतं. तुळशीरामनं त्यांना विचारलं, जुनं मोडी कुणाला लागतं? मुदतीचा हिशेब कुणाला येतो? टाइप कुणाला येतं? मग त्यानं वरसोलीच्या शाळेची खोली रविवार दुपारसाठी भाड्यानं घेतली आणि वर्ग सुरू केला. फी महिन्याला एक रुपया, आगाऊ. पहिल्या महिन्यात सात जण आले. त्यांतले दोघे त्याच्याहून वयानं मोठे होते. मुंबईहून मुद्दाम एक मोडीत निघालेलं मशीन आणून त्यानं दुरुस्त करून ठेवलं, आणि सात जण पाळीपाळीनं त्यावर बोटं चालवत. खिडकीबाहेर मासळी वाळवणाऱ्या बाया ती टकटक ऐकत आपलं काम करत.

१९३७ पर्यंत त्या वर्गातून निघालेला एक जण पेणला पस्तिसावर लागला, एक महाडला, एक खुद्द कोर्टात नकला करायच्या कामावर. अलिबागच्या वकिलांना आता पंधरा रुपयांत कारकून मिळेना. वकिलांच्या खोलीत यावरून तक्रारी झाल्या आणि त्या तात्यांच्या कानी आल्या. संध्याकाळी ओटीवर बसून ते तुळशीरामला म्हणाले, "लोक मला बोलतात. म्हणतात, तुमचा माणूस कारकून महाग करतोय."

तुळशीराम मशीनवर नवी फीत चढवत होता. बोटं शाईनं निळी झाली होती. तो म्हणाला, "हो, करतोय," आणि फीत नीट बसली की नाही हे पाहायला त्यानं एक ओळ टाइप केली.